सरकारी काणी

ज्वारीवर रोग पडला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. शेंद्र्याच्या बद्रीनाथ शेजूळच्या पोटात गोळा यायचा तो रोग पडला नाही तर. ज्वारी निसवायला लागली की हा माणूस रोज सकाळी बांधावर उभा राहून टाचा उंचावून बघायचा आणि कणसं भरघोस दिसली की कपाळाला हात लावायचा. मग एखाद्या ताटावर कणसाच्या जागी पांढुरका फुगलेला बोंगा दिसायचा. नखानं टोकरलं की आतून काजळीसारखी काळी भुकटी. ती बोटावर घेऊन, "आली बाबा, आली!" असं ओरडत तो घरी यायचा, आणि शेजारच्या बायांना वाटायचं नळाला पाणी आलं. त्या हंडे घेऊन बाहेर पडायच्या आणि बद्रीनाथला शिव्या देत परत जायच्या.

ही काळी भुकटी म्हणजे काणी. बुरशीच ती. मातीत दबा धरून बसते, कोवळ्या रोपात शिरते, रोपाबरोबर गुपचूप वाढते आणि कणीस यायच्या दिवशी दाण्यांच्या जागी स्वतःच बाहेर येऊन उभी राहते. आपण सगळे तिला घालवायला बघतो. बद्रीनाथला ती पिकवण्याचा पगार होता. जालना रस्त्याला, कंपन्यांच्या कुंपणाला लागून एका सरकारी संशोधन केंद्राचं वावर होतं. तिथं ठिकठिकाणचे ज्वारीचे वाण आणून लावायचे आणि त्यांना मुद्दाम आजारी पाडायचं. एवढं करूनही जो वाण आजारी पडत नाही, तो कामाचा. पण त्यासाठी आधी रोग कसा जोमदार पडला पाहिजे. रोगच कच्चा राहिला, तर कोण अंगानं दणकट आणि कोण नुसता नशिबानं वाचला, हे कसं कळायचं? म्हणून त्या केंद्रात बद्रीनाथला मान होता. त्याच्या हातचा रोग कधी कच्चा राहायचा नाही.

रोपं वीत-दीड वीत झाली की तो हातात डॉक्टरी सुई घेऊन ओळीतून बसत बसत पुढं सरकायचा आणि प्रत्येक रोपाच्या बुडाशी काणीचं पाणी टोचायचा. टोचताना त्यांची समजूतही काढायचा. "झालं, झालं. मुंगी चावली असं समज." गावात त्याचं नाव सुईवाला बद्री पडलं. एकदा तर गल्लीतले आप्पासाहेब कंबर धरून वावरात आले आणि धोतर सैल करत म्हणाले, "दे बाबा एक. तुझा हात लई हलका हाय म्हणत्यात."

"आप्पासाहेब, ही टोचली तर कानातून कणीस निघंल."

"निघू दे. पण कंबर ऱ्हाईल का?"

त्यांना परत पाठवता पाठवता बद्रीनाथला घाम फुटला.

लोकांना वाटतं, काणी म्हणजे काणी, तीत काय बघायचं. पण काणीच्याही जाती असतात. एक जात ज्या वाणाचं काही वाकडं करू शकत नाही, त्याच वाणाला दुसरी जात आडवा करते. केंद्राच्या शास्त्रज्ञ सुलेखा साळवे मॅडम ह्या जातींना आकड्यांनी ओळखायच्या. बद्रीनाथनं त्यांना आपली नावं ठेवली होती. दिसेल त्या वाणावर पडायची ती गावभवानी. घाटाकडून आलेली ती घाटवाली. आणि एकच वाण निवडून त्याला छळत बसायची ती जाऊबाई. "दिसायला समद्या सारख्याच काळ्या," तो नव्या मजुरांना सांगायचा, "पण गुण न्यारे. एका सासूला पुरून उरलेली सून दुसऱ्या सासूपुढं टिकंलच असं हाय का? तसंच वाणाचं." सुलेखा मॅडमनी हे वाक्य एका परिषदेत वापरलं आणि टाळ्या घेतल्या. परत आल्यावर त्यांनी त्या टाळ्या प्रामाणिकपणे बद्रीनाथला सांगितल्या, आणि तो आठवडाभर मजुरांशी जरा जपूनच बोलला.

ह्या सगळ्या सासवांना पुरून उरलेला वावरात एकच वाण होता. मॅडमनी कितीतरी वर्षं संकर करून करून तो काढला होता. कुठलीही काणी टोचा, कणीस आपलं दाण्यांनी गच्च. बद्रीनाथनं त्याचं नाव ठेवलं सोवळी.

"हे नाव नको हं बद्रीभाऊ," मॅडम हसून म्हणाल्या. साळव्यांच्या घरात सोवळं हा शब्द काही कुणी लाडानं उच्चारत नव्हतं. "आणि सोवळं कुणाचं टिकलंय आजवर? कधी ना कधी मोडतंच."

"हिचं नाय मोडायचं."

"मोडलं तर पहिला फोन मला करायचा."

नाव मात्र तेच राहिलं, कारण बद्रीनाथनं एकदा ठेवलेलं नाव खुद्द बद्रीनाथलाही बदलता यायचं नाही. पुढच्या रब्बीला सोवळीचं बी शेतकऱ्यांच्या हातात जायचं होतं, आणि आपल्या लेकीचं लग्न ठरल्यासारखा बद्रीनाथ आत्ताच सगळ्यांना सांगत सुटला होता.

असा हा सुखाचा संसार. त्यात अडचण एकच होती आणि ती कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होती. अडचणीचं नाव कडुबा, म्हणजे बद्रीनाथचा सासरा.

त्याचं असं झालं होतं. लई वर्षांपूर्वी हा कडुबा चतुराबाईसाठी मुलगा बघायला शेंद्र्याला आला. आल्या आल्या वावरात गेला, फिरून आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि चार माणसांत म्हणाला, "वावर बघितलं. आता दुसरं काय बघायची गरज नाय. पोरगी दिली." मुलाचं शिक्षण किती, मुलाला व्यसन काय, काही विचारलं नाही. हे वाक्य बद्रीनाथनं उभा जन्म छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं. कुणाच्याही लग्नात, बारशात, दहाव्यातसुद्धा, विषय कुठूनही तिथंच यायचा. "आम्हाला बाबा वावर बघून पोरगी दिली. आशी जवारी होती आमची."

पुढं कंपन्या आल्या आणि ते वावर त्यांच्यात गेलं. मोबदला मिळाला, पक्कं घर झालं, मुलांची शिक्षणं झाली. रडण्यासारखं काही झालं नाही. फक्त सासऱ्याला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्याला वर्षं लोटली. म्हातारा फोनवर विचारायचा, "जवारी कशी काय, पाव्हणं?" आणि बद्रीनाथ म्हणायचा, "हाय की मामा, रस्त्याला लागूनच हाय." ह्यात खोटं काहीच नव्हतं. ज्वारी होती, रस्त्याला लागून होती. फक्त ती त्याची नव्हती, आणि तिची तब्येत बरी नव्हती.

वावर बघून दिलेली पोरगी वावर गेल्यावर परत मागतात की काय, अशी एक येडपट भीती त्याच्या मनात घर करून होती. चतुराबाई आता आजी झाली होती, गुडघ्याला तेल लावत होती, ती कोण परत नेणार? पण भीतीला कुठं एवढं कळतं. म्हणून दर वर्षी हुरड्याचे दिवस आले आणि म्हातारा "येऊ का?" म्हणाला की बद्रीनाथ काहीतरी कारण काढायचा. कधी पाहुणे आलेत, कधी रस्ता उखडलाय. मागच्या साली तर त्यानं शेंद्र्यात बिबट्या आणून सोडला.

ह्या जानेवारीत एका सकाळी बद्रीनाथ सोवळीच्या ओळीतून चालला होता आणि चालता चालता जागीच थांबला. एका ताटाला कणीस नव्हतं. कणसाच्या जागी बोंगा होता. त्यानं डोळे चोळले, पुन्हा बघितलं, नंतर खालपासून वरपर्यंत ताट तपासलं. सोवळीच होती. बोंगा वरून जरासा उललेला होता आणि फटीतून काळं दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा काणी बघून त्याला वाईट वाटलं.

मॅडम परभणीला मीटिंगला गेल्या होत्या. त्यानं फोन केला.

"तोडू नका, हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. "एकाच ताटावर आहे ना? मग तेवढीच भुकटी आपल्याकडं आहे. ती आपल्या जुन्या काण्यांपैकी नसेल, तर नवी जात आलीय. आणि नवी जात असेल तर सोवळी शेतकऱ्यांना देता येणार नाही, बद्रीभाऊ. दिली तर शेतंच्या शेतं काळी पडतील. ते कणीस हातचं गेलं तर आपल्याला काही कळणार नाही. मी उद्या दुपारी पोचते. तोवर जिवापलीकडं जपा. काहीतरी खूण बांधून ठेवा."

बद्रीनाथनं बोंग्याला कागदी पिशवी घातली आणि वरून चतुराबाईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधली. गाठ मारून झाल्यावर दोन पावलं मागं सरून बघितलं. छान दिसत होतं. हाच घोटाळा झाला.

घरी आला तर चतुराबाई दारातच. बापाला ती दादा म्हणायची. "दादाचा फोन आलता. उंद्या येऊ राह्यले. हुरड्याला."

"बिबट्या सांग."

"बिबट्या मागच्या साली सांगितला. आन् ह्या साली ते म्हणले, बिबट्या असला तरी येतो."

चतुराबाईनं त्याला पाणी दिलं आणि तोडगाही दिला. "मी भल्या सकाळी जाते आन् ते समदे काळे बोंगे मोडून आणते. वावर कसं चकचकीत दिसंल."

"खबरदार! सरकारी काणी हाय ती!"

"सरकारला एवढी हौस हाय, तर आपल्या आंगणात लाव म्हणावं. माझ्या बापाला कशाला दावता?"

शेवटी असं ठरलं की म्हाताऱ्याला कडेच्या ओळींपाशी बसवायचं. त्या ओळी राखणीच्या, त्यांना सुई टोचलेली नसते, म्हणून त्या बऱ्या दिसतात. शेजारीच सोवळी. म्हाताऱ्याचं तोंड तिकडं, पाठ रोगाकडं. हुरडा खाऊ घालायचा, ताक पाजायचं आणि थेट गाडीवर बसवून घरी आणायचं.

"माझ्या बापाला एका जागी बसवायचं?" चतुराबाई म्हणाली. "त्यापरीस बिबट्या आणणं सोपं."

दुसऱ्या दिवशी कडुबा आला. ऐंशी उलटलेला, पण काठी चालायला कमी आणि बोट दाखवायला जास्त वापरायचा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि ओठ झाकून दोन्ही गालांवर पसरलेली पांढरीशुभ्र मिशी. ती मिशी म्हणजे त्यांच्या गावात पत्ता सांगायची खूण होती. त्याला आगटीपाशी घोंगडीवर बसवलं. चतुराबाईनं गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली, हातावर चोळून गरम हुरडा दिला, बरोबर लसणाची चटणी, गूळ, दही. म्हातारा मुकाट्यानं खात होता. बद्रीनाथ त्याच्या पाठीमागं, रोगी वावर झाकलं जाईल अशा बेतानं, हात पसरून उभा होता. सहा फुटी माणूसही एवढं वावर झाकू शकत नाही, आणि बद्रीनाथ तर बेताचाच.

एवढ्यात रस्त्यावरून कंपनीत निघालेला एक मोटरसायकलवाला ओरडला, "ओ काका! औषीद मारा की जरा! पार वाट लागली जवारीची!"

"कुणाला म्हणतोय?" कडुबानं विचारलं.

"शेजारच्याला, मामा."

"शेजारी तर कंपनी हाय."

बद्रीनाथ म्हणाला, "ताक आणतो," आणि रस्त्याकडंला लावलेल्या गाडीच्या डिकीतली ताकाची बाटली आणायला जवळजवळ पळाला. चतुराबाई आर फुंकण्यात गुंतली होती. म्हातारा उठला, "जरा पाय मोकळं करतो," म्हणाला आणि सोवळीच्या ओळीत शिरला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. कडुबाच्या गावाकडं हुरड्याला मानाचा पाहुणा यायचा असला की आदल्या दिवशीच वावरातलं एक कणीस निवडतात आणि त्याला लाल चिंधी बांधतात. ते कणीस पाहुण्याचं. घरची पोरंसुद्धा त्याला हात लावत नाहीत. पाहुण्यानं ते आपल्या हातानं तोडायचं आणि पहिला घास त्याचा घ्यायचा. बद्रीनाथला ही रीत माहीत असायचं कारण नव्हतं, कारण त्याला सासरच्या हुरड्याला बोलावणं यायचं तेव्हा तोही काहीतरी कारण काढायचा. जाऊन आलं की उलट बोलवावं लागतं.

बद्रीनाथ ताक घेऊन परत आला. म्हातारा घोंगडीवर येऊन बसला होता आणि त्याच्याकडं बघून हसत होता. दात काळे, जीभ काळी, ओठ काळे. पांढरीशुभ्र मिशी एका बाजूनं कुळकुळीत काळी झाली होती. बद्रीनाथच्या हातातलं ताक धोतरावर सांडलं, ते धोतरही सासऱ्याचं.

"पाव्हणं!" कडुबा म्हणाला. "ध्यानात ठेवलं राव तुमी! मला वाटलं इसरले आसाल."

"मामा... ते चिंधीचं कणीस..."

"खाल्लं."

"समदं?"

"बुडापस्तोर! काय चव हाय! ल्हानपणी गुरामागं आसताना आमी हेच खायचो. आताशा बियाला औषीद लावूनच येतंय, काणी बघायला घावंना. किती सालानं खाल्ली."

"आन् उरलेलं? देठ, पिशवी, काही?"

"आगटीत टाकलं. काणीचं उरलंसुरलं जाळायचं आसतंय, नाय तर वावरभर पसरती. एवढं ठावं नाय तुमाला?"

आगटीत बघायला बद्रीनाथ वाकला. लाल चिंधीचं एक टोक जळायचं राहिलं होतं, तेही त्याच्या डोळ्यांदेखत जळालं. नेमकी तेव्हाच बांधावर केंद्राची जीप येऊन थांबली.

सुलेखा मॅडम पेटी घेऊन उतरल्या त्या थेट इकडंच. "बद्रीभाऊ, कुठंय?"

बद्रीनाथनं सासऱ्याकडं बोट दाखवलं.

"नमस्कार आजोबा," मॅडम म्हणाल्या. "बद्रीभाऊ, कणीस कुठंय म्हटलं."

बद्रीनाथनं पुन्हा सासऱ्याकडंच बोट दाखवलं. मॅडमनी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यांच्या हातातली पेटी हळूच खाली टेकली. आपल्या बापाचं काहीतरी चुकलंय एवढं चतुराबाईला कळलं. तिनं पदर ओला केला आणि ती बापाचं तोंड पुसायला वाकली.

"थांबा!" मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या की ओळीतल्या चिमण्या उडाल्या. "पुसू नका! पाणी लावू नका! आजोबा, हलू नका. बोलू नका. जीभ फिरवू नका!"

पेटीतून त्यांनी बारीक ब्रश आणि काचेची नळी काढली आणि म्हाताऱ्यासमोर मांडी घालून बसल्या. मिशीच्या एकेका केसावरून ब्रश फिरवत त्या काळी भुकटी नळीत झाडू लागल्या. बद्रीनाथनं वाऱ्याच्या बाजूला घोंगडी धरली. कडुबा हळद लावायला बसवलेल्या नवरदेवासारखा डोळे मिटून ताठ बसला होता. न हलता, ओठ न उघडता तो कसाबसा पुटपुटला, "माझ्या लग्नातबी मिशीकडं एवढं कुणी बघितलं नव्हतं."

मग त्याचं नाक फुरफुरू लागलं. डोळे बारीक झाले, छाती वर आली.

"शिंक नको!" बद्रीनाथ किंचाळला.

मॅडमनी विचार केला नाही. दोन बोटांच्या चिमटीत त्यांनी कडुबाचं नाक गच्च धरलं. सासऱ्याचं नाक असं भर वावरात कुणी धरलेलं बद्रीनाथनं बघितलं नव्हतं. म्हातारा लाल झाला, जांभळा झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शिंक जिथून आली तिथं परत गेली. मॅडमनी नळीला बूच लावलं आणि ती उजेडात धरून बघितली.

"पुरेल," त्या म्हणाल्या.

जीव भांड्यात पडला की माणूस जास्त बोलतो. मॅडम म्हाताऱ्याला मनापासून म्हणाल्या, "आजोबा, राग मानू नका. पण तुमच्या जावयासारखा रोग पाडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. हे सगळं वावर बघा, त्यांनी एक ओळ धड ठेवली नाही!"

बद्रीनाथला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं. कडुबा काठी टेकत उठला आणि पहिल्यांदा पूर्ण मागं वळला. त्याच्यासमोर वावरभर काळे, उललेले, झिपऱ्या सुटलेले बोंगे उभे होते.

"हे वावर तुमचं नाय," तो म्हणाला.

"नाय, मामा."

"तुमचं कुठंय?"

बद्रीनाथनं रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या निळ्या पत्र्याकडं हात केला. "त्या पत्र्याखाली."

"ठावं हाय," कडुबा म्हणाला. "जालन्याच्या एस्टीतून दिसतंय की. मी काय डोळे झाकून ह्या रस्त्यानं जातो व्हय? किती सालं झाली वाट बघू राह्यलो, आज सांगतील, उंद्या सांगतील. तुमी बिबट्या सांगता."

बद्रीनाथनं मान खाली घातली. "तुमी वावर बघून पोरगी दिलती, मामा. म्हून..."

"कोणतं वावर?" म्हाताऱ्यानं काठी आपटली. "तुमच्या बापानं मला पुढच्या बांधावरून मिरवलं. म्हणला, एक दाणा खराब नाय आमच्यात. आन् मागून तुमी आले. हे एवढंसं, मिसरूड फुटलेलं पोरगं. म्हणले, मामा, पल्याडच्या कोपऱ्यात काणी हाय, लई हाय, चला दावतो. बापानं डोळे वटारले तरीबी नेलं. मी तिथंच दोन बोंगे खाल्ले आन् मनात म्हणलो, हा कडू हाय ते दावतोय, ह्याच्या घरी पोरगी सुखात ऱ्हाईल. वावर बघितलं म्हणलो ते त्या कोपऱ्याचं. आज चिंधी बघितली, आत काणी निघाली, मला वाटलं तुमाला आठवण हाय."

बद्रीनाथला काहीच आठवत नव्हतं. इतकी वर्षं तो सगळ्या गावाला आपल्या ज्वारीची फुशारकी सांगत आला होता, आणि पोरगी मिळाली होती ती तिच्या रोगावर. त्याला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं नाकातून एक भलताच आवाज निघाला.

"तव्हा काणी लपवली नाय," कडुबा म्हणाला, आता जरा हळू, "मंग वावर गेलेलं का लपवलं? म्या काय वावराला पोरगी दिलती?"

बद्रीनाथनं उपरण्यानं तोंड पुसलं. चतुराबाई आराकडं तोंड करून बसली होती आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसत होती.

"चला," म्हातारा म्हणाला. "दावा तुमची काणी."

मग बद्रीनाथनं सासऱ्याला अख्खं वावर दाखवलं. ही गावभवानी, हिच्यापुढं कुणी टिकत नाही. ही घाटवाली, तुमच्याकडचीच. आणि ही जाऊबाई, बघा कशी नेमकी ह्याच ओळीवर बसलीय. तो बोलता थांबेना. मॅडमनी कडुबाचे दोन्ही हात चतुराबाईच्या ताब्यात दिले होते, कारण प्रत्येक बोंग्यापाशी म्हाताऱ्याचा हात आपोआप पुढं जात होता.

मिशीतली भुकटी केंद्रात गेली. तिथं ती वेगवेगळ्या वाणांच्या रोपांना टोचून बघितली, आणि त्या ताटाच्या पानावरूनही खात्री केली. ताट सोवळीचंच होतं आणि काणी नवी होती, कुणी आजवर न बघितलेली. सोवळी शेतकऱ्यांकडं गेली नाही. सुलेखा मॅडम दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मोडलं सोवळं," आणि नव्या संकराला लागल्या. नव्या काणीला त्यांनी आकडा दिला, पण नळीवर कंसात एक नावही लिहिलं. हे नाव बद्रीनाथनं सुचवलं नव्हतं, हे तो शपथेवर सांगतो. नाव होतं कडुबा.

पुढच्या रब्बीला कडुबा टोचल्यावर वावरातले भलेभले वाण आडवे झाले. एक बुटका, टणक दाण्याचा, कुणी ढुंकूनही न बघितलेला गावठी वाण तेवढा ठाम उभा राहिला. बद्रीनाथनं घरी येऊन सांगितलं तेव्हा चतुराबाई भाकरी थापत होती. "माझ्या बापापुढं टिकली?" ती म्हणाली. "मंग तिला माझं नाव द्या. दुसऱ्या कुणाचं शोभायचं नाय."

हुरड्याच्या दिवसांत कडुबा पुन्हा आला. बद्रीनाथ त्याला घ्यायला फाट्यावर गेला होता, पण त्याला चहाच्या टपरीशी यायला जरा उशीर झाला. लांबूनच त्याला म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज ऐकू आला. "कडुबा काणीचं वावर कोणीकडं हाय हो?"

"ते सरकारी व्हय?" टपरीवाला म्हणाला. "तिथं काय बघायचं, बाबा? तिथला माणूस निस्ता रोग पाडतो जवारीवर."

"व्हय, तोच," कडुबा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "जावई हाय माझा. काणी बघून पोरगी दिली."

टपरीवरचे लोक हसले आणि म्हातारा त्यांच्याहून मोठ्यानं हसला. बद्रीनाथनं पुढं होऊन त्याची पिशवी घेतली, आणि वावराकडं जाता जाता त्याला सांगितलं की ह्या साली लाल चिंधी मॅडमना विचारूनच बांधलीय.